वखार की कारखाना? ‘फॅक्टरी’ या शब्दाची दोन आयुष्ये

१/
स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत एक प्रश्न हमखास भेटतो : पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांनी आपली पहिली फॅक्टरी कोठे स्थापन केली? उत्तर सर्वांना पाठ असते : सुरत, १६१३. मात्र फॅक्टरी म्हणजे काय, असे पुढे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर धुराडे, यंत्रे आणि पाळीचा भोंगा उभा राहतो. काही मराठी नोट्समध्ये तर सरळ ‘पहिला कारखाना’ असेच छापलेले असते. सुरतेच्या त्या फॅक्टरीत यंत्र नव्हते, माग नव्हता, कामगारही नव्हता. मग तेथे होते काय? आजचा धागा या एका शब्दाविषयी.

२/
आरंभ व्युत्पत्तीपासून करू. लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्यावरून ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा. व्यापाराच्या भाषेत ‘फॅक्टर’ हा धन्याच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा माणूस. आपल्याकडे बाजार समितीत जो ‘अडत्या’ बसतो, किंवा जुन्या पेढीवर जो ‘गुमास्ता’ असे, त्याचा हा युरोपीय चुलतभाऊ. आणि असे फॅक्टर जेथे राहतात, माल साठवतात आणि हिशेब लिहितात ती जागा म्हणजे ‘फॅक्टरी’. या अर्थात वस्तू तयार करण्याचा संबंधच येत नाही.

३/
ही पद्धत इंग्रजांनी शोधलेली नाही. पोर्तुगीज त्यांच्या आधी दीडशे वर्षे हेच करीत होते. त्यांचा शब्द ‘फेइतोरिया’ आणि तिचा प्रमुख ‘फेइतोर’. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्गिन बेटावर, त्यांनी असे ठाणे उभारले. १५०० मध्ये काब्राल कालिकतला आला, तेव्हा सामुतिरीकडून अशाच एका ठाण्याची परवानगी त्याने मिळवली. काही महिन्यांतच स्थानिक व्यापाऱ्यांशी संघर्ष पेटला, ठाण्यावर हल्ला झाला आणि फेइतोर आयरेस कोरेया मारला गेला. काब्रालने उत्तरादाखल शहरावर तोफा डागल्या आणि तो कोचीनला निघून गेला. भारतातील युरोपीय ‘फॅक्टरी’चा पहिला अध्याय असा रक्ताने लिहिला गेला.

४/
इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेस उतरला. जहांगीरच्या दरबारात त्याची वर्णी लागली, पण कायमची परवानगी काही पदरात पडली नाही. पूर्व किनाऱ्यावर मछलीपट्टणमला १६११ मध्ये कंपनीचे बस्तान बसले. १६१२च्या अखेरीस सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात थॉमस बेस्टने पोर्तुगीज जहाजांना हुसकावले आणि त्यानंतर मुघल परवानगीने १६१३ मध्ये सुरतेची फॅक्टरी सुरू झाली. हेच ते आपले पाठ केलेले वर्ष.

५/
आता त्या फॅक्टरीच्या आत डोकावू. इमारत भाड्याची. खाली मालाच्या कोठड्या, वर राहण्याच्या खोल्या. प्रमुखास ‘प्रेसिडेंट’ म्हणत, त्याच्या जोडीला कौन्सिल असे. सर्वांत खाली ‘रायटर’, म्हणजे लेखनिक. काही वर्षे नकला आणि हिशेब लिहून तो ‘फॅक्टर’ होई, मग ‘ज्युनियर मर्चंट’, मग ‘सीनियर मर्चंट’. सर्वांचे जेवण एका पंगतीत, बसण्याचा क्रम हुद्द्यानुसार, प्रार्थना एकत्र. व्यापारी पेढी, वसतिगृह आणि मठ यांचे हे विलक्षण मिश्रण होते. कोलकात्याच्या ‘रायटर्स बिल्डिंग’ या नावात तो लेखनिक आजही वस्तीला आहे.

६/
मग माल कोण तयार करीत असे? येथे या शब्दाचा प्रश्न निव्वळ कोशाचा राहत नाही. भडोचचा बाफ्ता, अहमदाबादचे कापड, सरखेजची नीळ : हे सारे भारतीय कारागिरांच्या घरांत, मागांवर आणि हौदांत तयार होई. कंपनीचे फॅक्टर दलालामार्फत विणकरास आगाऊ रक्कम देत. तिला ‘दादनी’ म्हणत. विणकर त्या पैशातून सूत घेई, ठरल्या नमुन्याचे कापड विणी, दलाल ते तपासून वखारीत आणी आणि जहाज आले की गाठोडी समुद्रमार्गे रवाना होत. इंग्रज हे गिऱ्हाईक होते, उत्पादक नव्हते.

७/
गिऱ्हाईक तरी कसे? पुष्कळदा उधारीवरचे. सुरतेचा वीरजी व्होरा हा त्या काळातील बलाढ्य सावकार-व्यापारी. कंपनीच्या फॅक्टरांनी त्याच्याकडून वारंवार कर्जे काढली. जहाज वेळेवर आले नाही की फॅक्टरीतील रोकड आटे आणि पावले व्होरांच्या पेढीकडे वळत. सतराव्या शतकातील सत्तेचा तोल असा होता : भांडवल सुरतेचे, कसब गुजरातच्या विणकरांचे, परवानगी मुघलांची. ‘पहिला कारखाना’ हे भाषांतर हा सारा तोल एका फटक्यात उलटा करून टाकते.

८/
मराठीत या जागेला नेमका शब्द आधीपासून आहे : वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार, कारवारची वखार. वेंगुर्ल्यास गेलात तर सतराव्या शतकातील एका भग्न दगडी इमारतीला लोक आजही ‘डच वखार’च म्हणतात. तिला कोणी ‘डच कारखाना’ म्हणत नाही. लोकांच्या तोंडी टिकलेला शब्द अनेकदा छापील नोट्सपेक्षा अचूक असतो, याचे हे उत्तम उदाहरण.

९/
राजापूरची वखार मात्र आपल्या इतिहासात थेट पाऊल टाकते. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह तेथे गेला आणि इंग्रजी निशाण फडकावून त्याने गडावर तोफगोळे सोडले. आता विचार करा : व्यापारासाठी दिलेल्या वखारीतून दारूगोळा बाहेर पडतो, तेव्हा ती वखार उरते काय?

१०/
महाराजांनी उत्तर १६६१ मध्ये दिले. मराठी फौज राजापुरात शिरली, वखार लुटली गेली, द्रव्याच्या शोधात जमीन खणली गेली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैदेत पडले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. त्या वखारीच्या नुकसानभरपाईचे गुऱ्हाळ पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हाच्या बोलण्यांतही राजापूरचा विषय होता आणि स्वराज्याच्या बंदरांत नव्या वखारी घालण्याचाही.

११/
येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. राजापूरची कारवाई ‘कारखान्यावरील हल्ला’ म्हणून वाचली तर ती निव्वळ लूट दिसते. ‘वखारीवरील कारवाई’ म्हणून वाचली तर तिचे राजकीय कारण समोर येते. वखार ही परक्या सत्तेला दिलेली सशर्त सवलत होती आणि तिची पहिली अट तटस्थता. अट मोडली, सवलत गेली. एका शब्दाच्या भाषांतरावर एका घटनेचा न्याय अवलंबून असतो, तो असा.

१२/
वखारीचे हे दुहेरी रूप कोणी सर्वांत स्पष्ट ओळखले असेल, तर रामचंद्रपंत अमात्यांनी. १७१५च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त सावकारांविषयीच्या विवेचनात ते टोपीकरांचा वेगळा विचार करतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : इतर सावकार हे सावकारच, पण टोपीकरांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. हे हट्टी लोक, हाती आलेली जागा मरणाशिवाय सोडणारे नव्हेत. त्यांच्याशी व्यवहार येण्या-जाण्यापुरता ठेवावा.

१३/
आणि वखारीसाठी जागा द्यावीच लागली तर? अमात्यांचा सल्ला एखाद्या नगररचनाकाराला शोभेल इतका काटेकोर आहे. समुद्रकाठी किंवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. किनाऱ्यापासून काही कोस आत, मोठ्या गावाच्या आटोक्यात, सखल जागी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. कारण उघड आहे. समुद्र, तोफ आणि पक्का तट हे तिन्ही एकत्र आले की वखारीचा किल्ला होण्यास वेळ लागत नाही.

१४/
हा अंदाज किती खरा ठरला, ते बंगालमध्ये दिसले. मद्रासला १६४० पासून सेंट जॉर्ज किल्ला उभा राहू लागला होताच. कोलकात्याच्या फोर्ट विल्यमची तटबंदी कंपनीने वाढवली आणि नवाब सिराजउद्दौलाशी वितुष्ट आले. १७५६ मध्ये त्याने आधी कासिमबाजारची वखार घेतली, मग कोलकाता. पुढच्याच वर्षी प्लासी झाली. अमात्यांचा इशारा आणि प्लासी यांत अवघ्या चार दशकांचे अंतर आहे.

१५/
‘फॅक्टरी’चा पहिला अर्थ भारतापुरता नव्हता, याचा पुरावा चीनमध्ये सापडतो. कँटन बंदरात नदीकाठी परदेशी व्यापाऱ्यांच्या इमारतींची एक रांग होती. तिला ‘तेरा फॅक्टऱ्या’ म्हणत. तेथे काहीही तयार होत नसे; चहा, रेशीम, कापूस आणि अफूचे सौदे होत. सर जमशेटजी जीजीभॉयांसारख्या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी संपत्ती जोडली ती याच कँटन व्यापारात. दुसऱ्या अफू युद्धाच्या काळात, १८५६ मध्ये, त्या इमारती जळून खाक झाल्या.

१६/
मग दुसरा अर्थ आला कोठून? हाताने वस्तू बनवण्याच्या जागेला इंग्रजीत ‘मॅन्युफॅक्टरी’ असाही शब्द होता. लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात. ‘फॅक्टरी’ हाही वस्तू बनवण्याच्या जागेसाठी हळूहळू वापरात आला. दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदले. १७७१ मध्ये आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली आणि पुढील दोन पिढ्यांत इंग्लंडचे रूप पालटले. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गिरण्यांतील बालकामगारांविषयी कायदा केला, तो ओळखला जातो ‘फॅक्टरी अ‍ॅक्ट’ म्हणून. आता फॅक्टरी म्हणजे यंत्रांचे घर, यात शंका उरली नव्हती.

१७/
गंमत अशी की क्रॉमफर्डच्या जागेला इंग्रज ‘मिल’ म्हणत, कारण पाणचक्कीवर दळणारी मिल त्यांच्या ओळखीची होती आणि नवी यंत्रेही त्याच चाकावर फिरत. मराठीनेही अगदी हेच केले. पीठ दळणारी ती गिरणी आणि सूत कातणारीही गिरणीच. परळ-लालबागचे ‘गिरणगाव’ पिठाच्या गिरण्यांमुळे वसलेले नाही, हे एखाद्या परदेशी अभ्यासकाला समजावून सांगावे लागेल. दुहेरी अर्थांचे सापळे सगळ्याच भाषांत असतात.

१८/
दोन अर्थांच्या मधला एक धूसर पट्टाही आहे आणि अभ्यासकाची खरी कसोटी तेथे लागते. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की कासिमबाजारला डचांनी आपल्या रेशीम फॅक्टरीत कधी कधी सातशे-आठशे स्थानिक माणसे कामास लावली होती. म्हणजे वखारीच्या आवारातच उत्पादन सुरू झाले होते. बंगालमध्ये इंग्रज कंपनीने १७५३ मध्ये दादनी व्यापाऱ्यांना बाजूला सारले आणि आपले गुमास्ते थेट विणकरांवर नेमले. सत्ता हाती आल्यावर त्या गुमास्त्यांची जरब वाढली. गिऱ्हाईक आता मालक होऊ लागले होते.

१९/
एकोणिसाव्या शतकातील बंगालची ‘इंडिगो फॅक्टरी’ हे याच प्रवासाचे टोक. तेथे नीळ खरोखर तयार होई. हौद, भट्ट्या, मजूर सारे काही असे. पण त्याच फॅक्टरीतून रयतेला बळजबरीने आगाऊ पैसे दिले जात आणि नीळ पेरण्याचे करार लादले जात. लोक तिला ‘नीलकोठी’ म्हणत. व्यापारी ठाणे आणि उत्पादनाची जागा, असे शब्दाचे दोन्ही अर्थ एका छताखाली आले आणि त्याची परिणती १८५९-६०च्या निळीच्या उठावात झाली.

२०/
आता मुंबई. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. सुरतेची वखार १६१३ची, ही गिरणी १८५६ची. दोन ‘फॅक्टऱ्यां’मध्ये २४३ वर्षे! ‘पहिला कारखाना सुरतेला’ असे लिहिणारा माणूस ही अडीच शतके नकळत गिळून टाकतो. शिवाय मुंबईची ही गिरणी इंग्रजांनी नव्हे, एका पारशी उद्योजकाने काढली, हेही त्यात हरवते.

२१/
भारतात ‘फॅक्टरी’चा नवा अर्थ कायद्याने पक्का झाला तो १८८१ मध्ये. त्या वर्षीचा कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या जागांना लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, मोठ्यांच्या तासांना मात्र मर्यादा नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून सरकारी आयोगापुढे मागण्या मांडल्या. साप्ताहिक सुट्टी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. सुरतेच्या वखारीत राबणारा लेखनिक आणि लोखंड्यांच्या सभेतला कामगार, दोघेही ‘फॅक्टरी’तलेच. पण त्यांची जगे किती वेगळी!

२२/
आता बाण उलट्या दिशेने फिरवू. मराठीतला ‘कारखाना’ तरी एकाच अर्थाचा आहे काय? फारसीतून आलेला हा शब्द : कार म्हणजे काम, खाना म्हणजे जागा. स्वराज्यातील ‘अठरा कारखाने’ आठवा : अंबरखाना, तोफखाना, दारूखाना, पीलखाना, उष्ट्रखाना, नगारखाना, फरासखाना, मुदबखखाना... पीलखान्यात हत्ती तयार होत नसत आणि अंबरखान्यात धान्य पिकत नसे! हे राज्याचे विभाग आणि साठे होते.

२३/
किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला ‘कारखानीस’ असे. गडावरील धान्य आणि सामानसुमान यांचा हिशेब त्याच्याकडे. आज ‘कारखानीस’ हे आडनाव आहे आणि ‘कारखानदार’ म्हटले की साखर आठवते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तोवर कारखाना म्हणजे यंत्र हे समीकरण मराठीत रुजून गेले होते. थोडक्यात, साठवणीकडून निर्मितीकडे हा प्रवास ‘फॅक्टरी’ने इंग्रजीत केला आणि जवळपास तसाच ‘कारखान्या’ने मराठीत.

२४/
गोंधळाचे मूळही येथेच आहे. दोन्ही शब्दांचे आजचे अर्थ जुळतात, म्हणून आपण सतराव्या शतकातही ते जुळत असणार असे धरून चालतो. ‘वखार’ मात्र आपल्या जागी स्थिर राहिली. लाकडाची वखार, कोळशाची वखार. आणि शेतमाल साठवण्यासाठी १९५७ मध्ये स्थापन झालेले राज्य वखार महामंडळ. माल येतो, राहतो, जातो. चारशे वर्षांपूर्वीचा अर्थ आजही शाबूत.

२५/
जुने कागद वाचणाऱ्या मित्रांसाठी काही सोप्या कसोट्या :
• कागद १८०० पूर्वीचा असेल तर ‘फॅक्टरी’ म्हणजे वखार असे गृहीत धरावे. वेगळे काही असल्यास पुरावा शोधावा.
• आत कोण आहे ते पाहावे. प्रेसिडेंट, कौन्सिल, रायटर भेटले तर वखार. कातणारे, विणणारे, फोरमन भेटले तर कारखाना.
• नीळ आणि रेशीम दिसले की दोनदा तपासावे.
• मोडी कागदातील ‘कारखाना’ इंग्रजीत नेताना डोळे मिटून ‘फॅक्टरी’ लिहू नये. विभाग, कोठार, पागा यांपैकी काय आहे ते संदर्भावरून ठरवावे.

२६/
विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेली ‘द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया’ ही ग्रंथमाला ग्रंथालयात दिसली, तर नावाने फसून ती उद्योगांच्या कपाटात शोधू नका. १६१८ पासूनच्या वखारींचा तो पत्रव्यवहार आहे : भाव, कर्जे, आजारपणे, दलालांशी भांडणे, जहाजांची वाट पाहणे. शिवकालाच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. लंडनच्या दप्तरातील ‘फॅक्टरी रेकॉर्ड्‌स’ म्हणजेही वखारींचीच दप्तरे.

२७/
शेवटी, एवढा खटाटोप कशासाठी? कारण ‘इंग्रजांनी येथे पहिला कारखाना काढला’ या वाक्यात एक न बोललेले वाक्य दडलेले आहे : त्यापूर्वी येथे कोणी काही बनवत नव्हते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. येथे उत्तम माल बनत होता, म्हणूनच ते समुद्र ओलांडून आले, भाड्याच्या घरात राहिले, सुरतेच्या सावकाराकडून उधार घेत राहिले. भडोचच्या ज्या विणकराचे नाव कोणत्याही वखारीच्या वहीत नाही, त्याच्या श्रमाचे श्रेय निदान भाषांतरात तरी त्याच्याकडून काढून घेऊ नये. पुढच्या वेळी तो प्रश्न समोर आला की उत्तर लिहा : सुरत, १६१३, वखार.

धागा समाप्त. आपल्या गावात, बंदरात वा आडनावात ‘वखार’ किंवा ‘कारखाना’ दडलेला असेल तर खाली अवश्य लिहा.